काशप्पाण्णांचं मुकं पिस्तूल

हुमनाबादच्या अडत बाजारात काशप्पाण्णांबद्दल कुणालाही विचारा, आधी पिस्तूल निघतं आणि मग अण्णा. माणसाने जन्मभर तुरीचा आणि उडदाचा धंदा सचोटीने करावा, काट्यावर कधी बोट ठेवू नये, आणि मागे काय उरावं, तर कमरेला लावलेलं एक स्पेनचं पिस्तूल. तेही न उडणारं. मला हे पटत नाही. माझं बारदानाचं दुकान त्यांच्या अडतीला लागून आहे. रिकामी पोती, ताडपत्र्या, सुतळी, दाभण असा माझा व्यवहार. मधे एक भिंत आणि त्या भिंतीत हवेसाठी सोडलेला झरोका. त्या झरोक्यातून मला अण्णा रोज ऐकू यायचे. लोक सांगतात त्यातलं निम्मं खरं आहे, पण क्रम चुकलेला आहे. क्रम चुकला की माझं डोकं दुखतं. म्हणून हे लिहून ठेवते.

अण्णा मूळचे हळ्ळीखेडचे. कपाळावर विभूतीच्या तीन ठसठशीत रेघा, सदऱ्याच्या आत इष्टलिंग, पांढरं धोतर, आणि धोतरावर कातडी पट्टा. त्या पट्ट्याला जुन्या चामड्याच्या घरात ते पिस्तूल. "वर शिव, खाली स्पेन," असं त्यांचा चुलतभाऊ मल्लप्पा म्हणायचा. मल्लप्पाची अडत समोरच. दोघांच्या दुकानांमधल्या रस्त्यावरून दिवसभर टोमण्यांची ने-आण चालायची. आमच्याकडे बोलणं मराठीत सुरू होतं, प्रेमात आलं की कन्नडात शिरतं आणि भांडण दखनीत होतं. हे दोघे एका तासात तिन्ही गावं फिरून यायचे.

पिस्तुलाचा मालक म्हटल्यावर जो माणूस डोळ्यांसमोर येतो, तसं अण्णांमध्ये काहीच नव्हतं. गुळाच्या ढेपेवर मुंग्या चढल्या तर ते फुंकर घालून त्यांना खाली उतरवायचे. गोदामात उंदीर झाले की पिंजरा लावायचे, आणि पकडलेला उंदीर स्कूटरवर पुढे ठेवून गावाबाहेर सोडून यायचे. मल्लप्पा ओरडायचा, "दादा, त्यो उंदीर तुमच्या आधी परत आलाय, बगा! गाडीवर बसून फिराया मिळतंय म्हनून तर पिंजऱ्यात येऊन बसायलाय." अण्णा पिंजरा धुता धुता म्हणायचे, "येऊ दे. त्यालाबी पोट हाय."

सकाळी दुकान उघडलं की काट्याला नमस्कार, बसवण्णांच्या तसबिरीला नमस्कार, मग पट्टा सोडून पिस्तूल गादीच्या उजव्या हाताला ठेवायचं आणि त्यावर धुतलेला पंचा पांघरायचा. उन्हाळ्यात पंचा पातळ, थंडीत जाड. मी विचारलं होतं, "अण्णा, लोखंडाला थंडी वाजते होय?" तर म्हणाले, "अक्का, परदेशातनं आलंय ते. इथली हवा त्याला सोसत न्हाई." मी त्यांच्यापेक्षा वयाने कितीतरी लहान, पण ते मला अक्काच म्हणत. बाजारात दुकान चालवणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणावं, हा प्रश्न त्यांनी पहिल्या दिवशीच सोडवून टाकला होता.

हे पिस्तूल त्यांच्या वडिलांचं. अप्पांनी ते हैदराबादेत घेतलं होतं, संस्थान गेलं त्या गडबडीत. एका जहागीरदाराच्या दिवाणखान्यातलं सामान विकायला निघालं होतं. तिथे दोन पिस्तुलं होती. एक जर्मन, एक स्पॅनिश. जर्मनची किंमत ऐकून अप्पांनी हात जोडले आणि स्पॅनिश उचललं. लायसन करून घेतलं. ते बत्तीस बोअरचं, चपटं, काळं, बसकं. कारखान्याचं नाव घासून गेलेलं. एक गोळी सुटली की दुसरी आपोआप वर यावी अशी त्याची रचना. यावी, असं मी म्हणते. येते असं कुणी पाहिलं नव्हतं. पहिली सुटलेलीच कुणी पाहिली नव्हती.

मल्लप्पाचं सगळ्यात आवडतं वाक्य तेच होतं. "काकाला फसवलं हैदराबादवाल्यानं. स्वस्त म्हनून पिस्तूल घेतलं, निघाला खलबत्त्याचा दांडा!" मल्लप्पाकडे सरकारी कारखान्यातलं नवं कोरं पिस्तूल होतं. तो ते दर महिन्याला पुसायचा आणि दर आठवड्याला त्याबद्दल बोलायचा.

मग अण्णा पिस्तुलाच्या बाजूने उभे राहायचे. भांडणात एरवी पहिली माघार घेणारा हा माणूस या एका विषयावर हटत नसे. त्यांचा युक्तिवाद मला पाठ आहे. महागाच्या वस्तूला नाव असतं म्हणून तिची चूक लोक झाकतात, स्वस्तातलीची चूक चारचौघांत सांगतात. जर्मन पिस्तूल अडकलं तर गोळी खराब, स्पॅनिश अडकलं तर पिस्तूल खराब, असं कसं? "आपल्या तुरीचंच बगा," ते म्हणायचे. "लातूरच्या गोणीत भरली की वाण चांगला, आपल्या गोणीत असली की डागी. तूर तीच. शेत तेच." यावर मल्लप्पा म्हणायचा, "दादा, तूर शिजतीया. तुमचं पिस्तूल कवा शिजनार?"

ते शिजत नाही हे सगळ्या बाजाराला कळलं, तो दिवस मला नीट आठवतो, कारण माझ्या ताडपत्र्यांचा ढीग त्यात गेला. देवाच्या नावाने सोडलेले दोन बैल बाजारात फिरत असत. त्या दिवशी भर लिलावात ते एकमेकांना भिडले. पोती फुटली, माणसं ओट्यांवर चढली. बसवण्णाच्या नावाच्या बैलाला काठी कोण मारणार? सगळे नुसते "बसवा, बसवा" म्हणून हात जोडायला लागले. तेव्हा अण्णा खाली उतरले. पिस्तूल चामड्याच्या घरातून बाहेर काढलं, हात सरळ आभाळाकडे नेला, डोळे मिटले, मान दुसरीकडे वळवली आणि चाप ओढला.

खट्.

पुन्हा ओढला. पुन्हा खट्. बाजारात गोळी उडवणं गुन्हा आहे, तेव्हा पिस्तुलाने अण्णांना तुरुंगातून वाचवलं असंही म्हणता येईल. पण तेव्हा कुणी तसं म्हटलं नाही. निर्ण्याची लक्ष्मीबाई तूर घेऊन आली होती. तिने हॉटेलातली पाण्याची बादली उचलली आणि दोन्ही बैलांच्या तोंडावर रिकामी केली. बैल शिंकले आणि दोन दिशांना निघून गेले. लक्ष्मीबाई रिकामी बादली घेऊन अण्णांपाशी आली. "अण्णा, त्यात पानी भरून आणायचं हुतं की. आता हे घ्या, उद्यापासनं कमरेला ही बांदा."

सगळा बाजार हसला. अण्णाही हसले. पण पिस्तूल घरात परत घालताना त्यांनी त्याच्यावर हात फिरवला, रडणाऱ्या लेकराच्या पाठीवर फिरवावा तसा. त्या दिवसापासून त्याचं नाव पडलं मूकप्पा. कन्नडवाल्यांना समजलं, मराठीवाल्यांनाही समजलं.

एक सांगितलं पाहिजे. मूकप्पा हे नाव पडल्यावर अण्णांचं बाजारातलं वजन कमी झालं नाही, उलट वाढलं. लोक त्यांच्याकडे भांडणं घेऊन यायला लागले. भागीदारीची, बांधाची, सुनेची. हमाल त्यांना तोंडावर बोलायचे, शेतकरी त्यांच्या गादीवर बसून त्यांनीच सांगितलेल्या दराला शिव्या घालायचे, चहावाला "मूकप्पाला साखर किती?" असं विचारून कप ठेवायचा. गावातल्या लग्नांत वर-बाप त्यांना मुद्दाम पिस्तूल लावून यायला सांगायचे. फोटोत बरं दिसतं आणि कुणाला धोकाही नाही.

निवडणूक लागली की लायसनची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. बाकीचे लोक नोटीस येईपर्यंत थांबत. अण्णा आधीच हजर. सोबत स्वच्छ फडकं, कडुनिंबाचा वाळलेला पाला, आणि कपाट कोरडं आहे का याची चौकशी. एकदा मीही गेले होते, माझ्या दुकानासमोरच्या प्रचाराच्या बॅनरची तक्रार घेऊन. तिथला हवालदार जमेच्या वहीत लिहीत होता.

"हत्याराची स्थिती काय लिहू, अण्णा? बंद लिहितो."

"बंद कामून? आराम करायलंय म्हना."

"अण्णा, सरकारी वहीत आराम लिहीत न्हाईत."

"मग तुमी आराम करताव तवा काय लिहिताव?"

हवालदाराने मान खाली घालून "बंद" असंच लिहिलं. पण हसू आवरताना त्याचं पेन थरथरत होतं, हे मी पाहिलं.

सगळं असंच चाललं असतं. पण लायसनच्या नूतनीकरणाच्या वेळी नवा साहेब आला होता, आणि त्याने जुनी वही वाचली. बंद हत्यार कशासाठी ठेवायचं? एक तर चालू स्थितीत असल्याचा दाखला आणा, नाहीतर कायमचं जमा करा. कागद घेऊन अण्णा माझ्या दुकानात आले. त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच असा उतरलेला पाहिला.

"अक्का, पिस्तूल जाईल त्याचं काय न्हाई," ते म्हणाले. "पर बंद म्हनून गेलं तर मल्लप्पाचं खरं ठरतंय. अप्पा फसले, असं सरकारी शिक्क्यानिशी ठरतंय."

मी म्हटलं, दाखला आणू. मला बारदानासाठी कलबुर्गीला जायचंच होतं. मी यादी केली: लायसन, त्याच्या झेरॉक्स, फोटो, आधार, जुन्या गोळ्या, पाण्याची बाटली. अण्णांनी त्यात स्वतःकडून एक भर घातली: हुरड्याची पुरचुंडी, दुकानदारासाठी. आणि मल्लप्पाने न विचारता एक भर घातली. तो स्वतः गाडीत येऊन बसला. "गंमत बगाया येतो," म्हणाला.

कलबुर्गीचा बंदुकीचा दुकानदार जाडजूड, बोलका आणि स्वतःच्या ज्ञानावर खूश असा माणूस होता. त्याने पिस्तूल हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि काउंटरवर अण्णांच्या बाजूला सरकवलं.

"अन्ना, घर कू लेको जाव. ये लडाई के जमाने का ठेके का माल है. फ्रान्स कू पिस्तूल कम पड्या, तो स्पेन की गल्ली गल्ली में कारखाने निकले. कल तक सायकलां बनाते थे, आज पिस्तूल. लोखंड नरम. एक का मॅगझिन दूसरे कू बैठता नै. ये चलता नै, चला तो रुकता नै, फूटा तो तुमारा हाथ लेको जाता."

मल्लप्पा खुर्चीवर ताठ बसला. इतकं सुख त्याला स्वतःच्या दुकानातही मिळालं नव्हतं.

अण्णा म्हणाले, "भाई, एकदा खोलून तो देखो."

"कब्बी खोले नै इसकू?"

"न्हाई. अप्पा बोलले होते, खोल्या तो वापस बैठता नै."

दुकानदाराने हुरडा खात खात पिस्तूल खोललं. वरचा सरकता भाग निघता निघेना. लाकडी हातोडीने हलके ठोकून तो निघाला, तेव्हा आतून करड्या रंगाचं काहीतरी काउंटरवर पडलं. कोरडं, घट्ट, थरावर थर. त्याने सळईने टोकरलं. गोळीला ठोका देणारी पिन ज्या भोकातून पुढे येते, ते भोकच त्याने बुजलं होतं.

"ये क्या भर को रखे इसमें? सिमिट?"

अण्णांनी एक खपली उचलली, चिमटीत चुरली, वास घेतला. मग हळूच ती कपाळाला लावली.

"विभूती हाय," ते म्हणाले.

खंडेनवमीला आमच्याकडे घरातल्या हत्यारांची पूजा होते. कोयता, विळा, वजनकाटा, आता मोटारसायकलसुद्धा. अण्णांच्या घरी त्या दिवशी पहिला मान पिस्तुलाचा. दूध-पाण्यात कालवलेल्या ओल्या विभूतीच्या तीन रेघा, वर तुपाचं बोट. अप्पा होते तेव्हा अप्पांनी केलं, मग अण्णांनी, अण्णांच्या बायकोने. एकही दसरा चुकला नाही. ओली विभूती फटीतून आत उतरली, तूप तिच्या मागोमाग गेलं, आणि दोघांनी मिळून आत भिंत बांधली. ज्याला इतक्या भक्तीने जपलं, ते त्या भक्तीनेच बंद पडलं होतं. स्पेनच्या सायकलवाल्यांचा यात काही दोष नव्हता.

मल्लप्पा म्हणाला, "म्हंजे काकानं..." आणि थांबला. त्याच्याही घरची खंडेनवमी तीच होती. त्याने कमरेच्या आपल्या नव्या पिस्तुलावर हात ठेवला आणि फटी चाचपून पाहिल्या.

रॉकेल, दाताचा ब्रश, चिंध्या. दुकानदार आता हुरडा बाजूला ठेवून काम करत होता. सुटे भाग पुसून निघाले तेव्हा ते उजेडात निळसर दिसले. पुन्हा जोडून बसलंही. गोळ्या नव्या घेतल्या, कारण अप्पांच्या गोळ्या पाहून दुकानदाराने नुसता नमस्कार केला. दुकानाच्या मागे वाळूच्या पोत्यांची एक खोली होती. पहिली गोळी त्याने पिस्तूल शिकंज्यात आवळून, चापाला दोरी बांधून उडवली. आम्ही सगळे भिंतीआड. दोरी ओढताना त्याने "बिस्मिल्ला" म्हटलं, अण्णांनी "बसवा", आणि मल्लप्पाने डोळे मिटले.

आवाज झाला. त्या आवाजाने माझ्या कानात पिपाणी वाजायला लागली. वाळू उडाली. आणि पिस्तुलाने आपल्या हाताने पुढची गोळी वर घेतली.

दुकानदार पिस्तुलाकडे, मग अण्णांकडे बघत राहिला. "अब तुमे मारो, अन्ना. तुमारा है."

उरलेल्या गोळ्या अण्णांनी मारल्या. एकही अडकली नाही. वाळूत कुठे लागल्या हे विचारू नका, पण सगळ्या सुटल्या. हात खाली घेतला तेव्हा अण्णांच्या विभूतीवरून घाम उतरला होता.

"एवढा आवाज करतंय व्हय?" ते म्हणाले. "अप्पानं कवा सांगितलंच न्हाई." मग पिस्तुलाकडे बघत, "त्येंनीबी कुठं ऐकला आसंल."

परत येताना हुमनाबाद जवळ आल्यावर अण्णा मागे न वळता म्हणाले, "मल्लप्पा, अप्पा फसले न्हाईत."

"न्हाई, दादा," मल्लप्पा म्हणाला. "न्हाई फसले."

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. दाखला मिळाला, लायसन झालं, बापाचं नाव राहिलं. मी यादीवर खुणा करून मोकळी झाले.

पण दुसऱ्या दिवशी मल्लप्पाने बाजारात सांगितलं. टोमणे मारायची सवय असलेला माणूस कौतुक करायला लागला की हातचं राखत नाही. "सगळ्याच्या सगळ्या सुटल्या! वाळूचं पोतं फाटलं! दादाचा हात दगडावानी!" दुपारपर्यंत पोत्याची भिंत झाली होती आणि संध्याकाळपर्यंत भिंत पडली होती.

आणि झरोक्यापलीकडचा आवाज कमी व्हायला लागला. आधी मला वाटलं, माल कमी आलाय. पण माल येत होता, बोलणं येत नव्हतं. चहावाला कप ठेवून "घ्या, अण्णा" म्हणून निघून जायचा. मूकप्पा कुणी म्हणेना. हमाल पोती उतरवताना पंच्याखालच्या फुगवट्याकडे पाहून आवाज उतरवायचे. कुणाची भांडणं येईनात. एका लग्नात वर-बापाने अण्णांना दारातच बाजूला घेऊन विचारलं, "अण्णा, ते घरी ठेवून आला असताव तर... लेकरंबाळं हायत आत." निर्ण्याची लक्ष्मीबाई दर हंगामात अण्णांशी तासभर भांडून तूर घालायची. तिने या खेपेला मल्लप्पाच्या ओट्यावर माल उतरवला. मल्लप्पाकडेही पिस्तूल होतं, पण ते चालतं हे आधीपासून सगळ्यांना माहीत होतं. माणसाला सवयीच्या गोष्टीची भीती वाटत नाही.

अण्णा मला म्हणाले, "अक्का, माझ्या तोंडाला वास यायलाय का?"

मी म्हटलं, "नाही, अण्णा."

"मग माणसं लांब कामून बसायलीत?"

जन्मभर त्यांना वाटत होतं, मूकप्पा बोलला की मान मिळेल. मान मिळाला होता. तो असा लांब बसणारा निघाला.

शेवटचा धक्का करजगीकडच्या एका शेतकऱ्याने दिला. पाहुण्यांच्या ओळखीने तो इतक्या लांबून उडीद घेऊन आला होता. उडदातल्या ओलीवरून भावाची घासाघीस चालू होती, आणि ती चांगली चालली होती. मी भिंतीपलीकडून ऐकत होते. किती दिवसांनी अण्णांच्या दुकानात कुणीतरी आवाज चढवला होता. "अण्णा, उडीद हाय, दगड न्हाई! चावून बगा!" अण्णांनी मूठभर उडीद हातात घेतला, नीट बघावा म्हणून दुसरा हात उजवीकडच्या पंच्याजवळ नेला. शेतकरी एकदम मागे सरकला.

"ऱ्हाऊ द्या, अण्णा. तुमी म्हनताव तोच भाव. लिवा."

अण्णांचा हात तिथेच राहिला. त्या हातात चष्मा होता.

"आरं, चष्मा काढायलो हुतो मी!"

"व्हय, व्हय. चष्माच. मी कुठं काय म्हनलं? लिवा तुमी भाव."

मी दुकानातून बाहेर आले तेव्हा अण्णा ओट्यावरून खाली उतरले होते आणि त्या माणसाच्या मागे मागे जाऊन त्याला भाव वाढवून देत होते. तो नको म्हणत होता. हे घेता का, अजून देतो, असं अडत्याने शेतकऱ्याच्या मागे लागून म्हणावं, हे आमच्या बाजाराने आधी पाहिलं नव्हतं. शेवटी त्याने वाढीव भाव घेतला, पण तोही घाबरूनच.

अण्णा परत आले आणि गादीवर बसले नाहीत. ओट्याच्या कडेला बसले, जिथे माल घेऊन आलेली माणसं बसतात. म्हणाले, "भिऊन दिलेला माल पचत न्हाई, अक्का. बसवण्णाला काय सांगू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पोलीस ठाण्यात गेले. मला सोबत बोलावलं, कागद नीट लागावेत म्हणून. नव्या साहेबाने अर्ज वाचला, पुन्हा वाचला.

"आत्ता तर लायसन करून घेतलंत. चालू पिस्तूल कायमचं जमा करायला निघालात? कामून?"

"चालू हाय म्हनूनच, साहेब."

साहेबाला ते कळलं नाही. हवालदाराला कळलं असावं, कारण त्याने वही ओढून घेतली आणि न विचारता लिहायला लागला. अण्णा वाकून बघत होते. "स्थितीत काय लिहिलं?"

"चालू."

"मोठं लिवा."

हवालदाराने पुन्हा गिरवून ठळक केलं. अण्णांनी पट्टा सोडला, पिस्तूल टेबलावर ठेवलं. हात न फिरवता, दूर न बघता. एखादी वस्तू धन्याला परत करावी तसं. पावती मला दिली. "जपून ठेव. मल्लप्पानं मागितली तर दाखव, न्हाईतर असू दे."

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्यानंतर लगेच. संध्याकाळी मला लातूरला निघायचं होतं, मुलीच्या बाळंतपणासाठी. तिथून परत येईपर्यंत अण्णा गेले होते. झोपेत गेले, असं मल्लप्पाने फोनवर सांगितलं.

पण त्या सकाळी ते माझ्या पुढे निघाले होते. ठाण्याच्या फाटकातून बाहेर पडून रस्ता ओलांडायला लागले आणि मधेच थबकले. कदाचित कमर हलकी लागत असावी. मागून एक रिक्षा आली, आत कोथिंबिरीच्या जुड्या कोंबलेल्या. रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला, मग मान बाहेर काढली. गावातलाच होता. त्याची नजर अण्णांच्या मोकळ्या कमरेवर गेली, मग ठाण्याच्या पाटीवर, आणि मग त्याचा आवाज सुटला.

"ओ काशप्पाण्णा! रस्ता काय तुमच्या अप्पाचा हाय व्हय?"

अण्णा वळले. मी फाटकातून बघत होते. त्यांचा चेहरा दिवा लावल्यासारखा झाला होता. ते बाजूला झाले नाहीत. रिक्षावाला आणखी काहीबाही बोलत होता, म्हातारपणाबद्दल, डोळ्यांबद्दल, कोथिंबीर वाळून जाण्याबद्दल. अण्णा दोन पावलं त्याच्याकडे सरकले आणि रस्त्याच्या मधोमध, नीट ऐकू यावं म्हणून कानामागे पंजा धरून उभे राहिले.